साबणातला गहू

संगमनेरच्या बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये भर गर्दीत माझ्या सासूबाईंनी काउंटरवर साबणाची वडी ठेवली आणि दुकानदाराला विचारलं, "ह्याच्यात गहू हाय का?"

दुकानदाराने आधी साबणाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "मावशी, गहू किराण्यात मिळतो. पुढच्या चौकात जा."

"मला घ्यायचा न्हाई गहू. ह्यात घातलाय का ते इचारते."

"साबणात कोण गहू घालतं?"

"कंपनी. केस मऊ व्हायला शांपूत घालत्यात, मंग साबनात बी घालत आसतील. मोबाईलवर दाखवलंय."

मोबाईलवर दाखवलंय म्हटल्यावर आमच्या घरात पुढे अपील नसतं. दुकानदाराला हे माहीत नव्हतं, म्हणून त्याने हसण्याची चूक केली. मागे बीपीच्या गोळ्यांसाठी ताटकळलेले एक गृहस्थ म्हणाले, "बाई, माझं आधी देऊ द्या त्यांना." मी वजनकाट्यापाशी उभी राहून, ही बाई माझी कोणी लागत नाही असा चेहरा करत होते. तो चेहरा मला बऱ्यापैकी जमत होता, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "सूनबाई, इकडं ये. ह्यास्नी तुझा डॉक्टरचा कागद दाखव. पोटाचं सांग समदं."

सगळं दुकान माझ्या पोटाकडे बघायला लागलं.

हे पोट म्हणजे काय भानगड आहे, ते आधी सांगते. मी मूळची शेवगावकडची. आमच्याकडे पाऊस बेताचा, त्यामुळे ताटात बाजरी आणि ज्वारी. चपाती पाहुणे आले तर. त्यामुळे मला गहू चालत नाही हे लग्नापर्यंत कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. लग्न होऊन मी आले प्रवरेच्या काठी, बागायती गावात. इथे सकाळी चपाती, रात्री चपाती, मधल्या वेळेला चहात बुडवून उरलेली चपाती. माझं पोट जे फुगायला लागलं ते थांबेना. शेजारच्या घरात राहणाऱ्या चुलत जाऊबाईंनी डोळा मिचकावून "काय मग, गोड बातमी?" असं इतक्यांदा विचारलं की शेवटी मी म्हणाले, "हो, गव्हाची आहे." तेव्हा मला ठाऊक नव्हतं की मी खरं बोलतेय.

रक्त कमी झालं, केस गळले, मी वाळत गेले. नाशिकच्या पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की हा सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लूटेन असतं, ते तुमच्या आतड्यांना सोसत नाही. सासूबाई सोबत होत्या. त्यांना आम्ही सुना आत्या म्हणतो. आत्यांनी विचारलं, "ते गलूटेन दिसाया कसं आसतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कणीक ताणली की रबरासारखी ताणते ना? बाजरीचं पीठ ताणत नाही, तुटतं. ते जे ताणतं, ते ग्लूटेन. औषध काही नाही. गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, एवढंच औषध."

आत्यांनी हे असं मनावर घेतलं की विचारू नका. आल्या आल्या माझ्यासाठी वेगळा तवा, वेगळी परात, वेगळं उलथनं. गावातल्या गिरणीत सगळ्यांचे गहू दळतात म्हणून घरघंटी आणवली, तिला कुंकवाचं बोट लावलं आणि जाहीर केलं की हिच्यात गहू पडला तर पाडणाऱ्याला त्या दळतील. माझी भाकरी त्या स्वतः थापायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी माझी आंघोळ होऊन मी साडीच्या निऱ्या घालेपर्यंत गरम भाकरी डब्यात गेलेली असायची. एवढी सेवा मला माझ्या आईने केली नव्हती. आई म्हणायची, उठ आणि तुझं तू बघ.

तरी मी बरी होईना.

पुढच्या तपासणीला गेलो तर रक्तातला या आजाराचा आकडा होता तिथेच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मला विचारलं, "बाहेर काही खाता का? कधीतरी, एखादं बिस्कीट? चोरून?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण ज्या तऱ्हेने मी वर्गातल्या पोरांपुढे मान हलवते तशी. माझा नवरा खिडकीबाहेरचं पार्किंग बघत होता. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "खरं सांग, मी रागावणार नाही." सिन्नर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि सिन्नरनंतर थांबले नाही.

गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. कशी, ते चुलत जाऊबाईंना विचारा. त्या मायेने म्हणाल्या, "अगं, खाल्ली असशील एखादी जिलबी. होतं माणसाकडून. जिभेला हाड असतं का?" डेअरीवर दूध घालायला येणाऱ्या बायकांतही हेच चाललं होतं. शाळेत पोषण आहाराच्या बिस्किटांवर मास्तरीणबाईच हात मारतात, इथपर्यंत ते गेलं. मला दुखण्याचं एवढं वाईट वाटलं नाही जेवढं याचं वाटलं. मी तापट आहे, तोंडाळ आहे, कबूल. पण मी चोरून खाल्लं असं कोणी म्हणावं? माझा शब्द म्हणजे काय वाऱ्यावर पडलाय?

आत्यांनी हे डेअरीवर ऐकलं तेव्हा दुधाची किटली खाली ठेवली म्हणे आणि सगळ्या बायकांदेखत सांगितलं, "माझ्या सुनेला खायचंच आसंल तर ती ताट घिऊन माझ्या म्होरं बसंल. माझ्याशी भांडंल आन खाईल. पन चोरून खानार न्हाई." असलं सर्टिफिकेट मला आयुष्यात कोणी दिलेलं नाही. घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "मी जबान दिलीया. आता गहू येतो कुटून, ते मी हुडकते."

झालं. तिथून पुढे आमच्या घरात पोलीस स्टेशन सुरू झालं.

स्वयंपाकघरात संशयित कोणी उरलाच नव्हता, म्हणून तपास न्हाणीघराकडे वळला. कुठल्याशा व्हिडिओत एका बाईने सांगितलं होतं की शांपूत, क्रीममध्ये गव्हाचं काहीबाही घालतात. आत्यांनी ते तीनतीनदा ऐकलं आणि घमेलं घेऊन आत शिरल्या. साबण गेला, शांपू गेला, पावडर गेली, माझी थंडीतली क्रीम गेली. टूथपेस्ट गेली. नवऱ्याचं दाढीचं क्रीमही घमेल्यात पडलं तेव्हा तो बिचारा म्हणाला, "आई, ते माझं आहे. मी लावतो ते माझ्या गालाला. त्याने हिचं काय बिघडतं?"

"तुजा गाल कुटं कुटं लागतो ते मला नगं सांगू," आत्या म्हणाल्या.

त्यानंतर नवरा दोन दिवस आईच्या समोर आला नाही. मी मात्र त्या दोन दिवसांत आजार विसरून पोट धरून हसले.

साबणाच्या जागी आत्यांनी घरचं उटणं आणलं. गोठ्याच्या खिडकीत एक स्टीलचा डबा असायचा, त्यात त्या ते करून ठेवायच्या. आंघोळीला तेच, हात धुवायला तेच. दातांना मीठ आणि लवंग. उटण्याला हळदीचा छान वास यायचा, अंग मऊ व्हायचं, आणि एवढ्या बंदोबस्तात झालेल्या वस्तूत काय काय आहे हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यांनी स्वतःही साबण सोडला. "मी तुजी भाकर थापते," म्हणाल्या, "माझ्या हाताला कंपनीचं काय बी नगं." मेडिकलमधला तो प्रसंग याच दिवसांतला. आम्हाला बिनगव्हाचा साबण मिळाला नाही. दुकानदाराला मात्र हसायला एक गोष्ट मिळाली.

त्यात श्रीगोंद्याला नात्यातलं लग्न आलं. मुलीकडच्यांनी नटवायला ब्यूटी पार्लरवाली बोलावली होती. तिने हौसेने आम्हा सगळ्या सुनांना एकेक लिपस्टिक लावली. मी किती दिवसांनी तोंडाला रंग लागला म्हणून आरशात बघत होते, तोच आत्या आल्या. पार्लरवालीला विचारलं, "हे कशाचं केलंय?" ती म्हणाली, "मॅट आहे, मावशी." आत्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि वरपक्षाच्या बायकांसमोर माझे ओठ असे खसाखसा पुसले जसं शेंबडं पोर पुसतात. "ओठ म्हंजे तोंडाचं दार," म्हणाल्या. "दारात लावलेलं आत जानारच की." चुलत जाऊबाई लाल ओठांनी हसत होत्या. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी एखाद्या दुष्काळी कामावरच्या मुकादमासारखी दिसते. मी त्या दिवशी आत्यांशी बोलले नाही. पण पुढे कळलं की तेवढ्या एका बाबतीत त्या अगदी बरोबर होत्या.

पुन्हा तपासणी आली. या वेळी आत्या नाशिकला आल्या त्या पिशवी घेऊन. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी साबण, शांपू, क्रीम, पावडर, दाढीचं क्रीम असा सगळा मुद्देमाल मांडला. आकडा या वेळीही उतरला नव्हता. उलट किंचित चढला होता. आत्यांनी विचारलं, "ह्यातला चोर कंचा?"

डॉक्टरीणबाई भल्या बाई. हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. म्हणाल्या, "आजी, ग्लूटेन कातडीतून आत जात नाही. साबण लावला, धुतला, संपलं. शांपूचंही तेच, फक्त तोंडात जाऊ द्यायचा नाही. काही लोकांना गव्हाचं क्रीम लावलं की अंगावर पुरळ उठतं, पण तो वेगळा आजार, यांना तो नाही. यांच्यासाठी एकच प्रश्न विचारायचा. ते पोटात जाईल का? लिपस्टिक जाते, म्हणून ती बघून घ्या. दात घासायचं बघून घ्या. आणि हाताला जे लावाल, त्याच हाताने जेवलात किंवा रांधलंत, तर तेही पोटात जातं. बाकी हे सगळं घरी न्या आणि खुशाल वापरा."

आत्यांचं तोंड उतरलं. एवढा तपास करावा आणि सगळे आरोपी निर्दोष सुटावेत.

"रांधतं कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी," आत्या ताठ बसून म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "हात चांगले घासून. साबनाला तर मी आता शिवत बी न्हाई." बाहेर पेशंट ओरडत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, आणि आम्हाला पुढची तारीख दिली.

परत येताना आत्या पुढच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. हात मांडीवर. मी मागून त्या हातांकडे बघत होते. हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेलं तुळशीचं पान. साबणाला शिवत नाहीत, मग शिवतात कशाला, असा एक विचार माझ्या डोक्यात आला आणि सिन्नर मागे पडलं तरी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. एरवी मी आंघोळीला असते त्या वेळी चहाचा कप घेऊन गोठ्यात गेले. आत्यांची धार काढून झाली होती. गाईंचं आंबोण, म्हणजे पेंड, भुसा पाण्यात कालवलेलं खाणं, त्यांनी हाताने ढवळून पुढे सारलं. हात कोपरापर्यंत पेंडीने तेलकट. त्यांनी शेजारच्या पोत्यात हात घातला, मूठभर कोरडा भुसा घेतला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हातावर चोळला. तेलकटपणा गेला. मग खिडकीतल्या डब्यातलं उटणं घेतलं, ते चोळलं, तांब्याभर पाणी ओतलं, हात झटकले.

मी डब्यात डोकावले. "आत्या, ह्यात काय काय घालता हो?"

"हरबऱ्याचं पीठ, हळद आन भुसा चाळून. भुश्यानं मळ लई झ्याक निघतो."

"कशाचा भुसा?"

"गाईंचा," त्या म्हणाल्या आणि मला भाकरी थापायला घरात गेल्या.

मी पोत्यात हात घातला. तांबूस, हलकी, पापुद्र्यासारखी साल. गव्हाचं पीठ काढून उरलेली गव्हाचीच साल, आतल्या थोड्या पिठासकट. गावात प्रत्येक गोठ्यात हे पोतं असतं आणि त्याला कोणी गहू म्हणत नाही. गहू माणसाच्या ताटात असतो. पोत्यात असतं ते जनावराचं खाणं. आत्यांनी माझ्या ताटाजवळून गव्हाचा कण न् कण हद्दपार केला, पण गोठ्याकडे बघितलं नाही, कारण तिथे गहू नव्हताच, तिथे गाईंचा भुसा होता. साबणात गहू असेल या भीतीने त्यांनी साबण फेकला आणि गव्हाने हात घासून माझी भाकरी थापली. रोज. बांगड्यांच्या खाली, नखांच्या कडेला चिकटलेला तो भुसा तांब्याभर पाण्याने थोडाच जाणार?

मला आधी हसू फुटलं. एवढं की गाय दचकली. आणि मग हसू थांबलं.

कारण आता माझी सुटका झाली होती. मी तशीच उठून चुलत जाऊबाईंच्या दारात जाऊन सांगू शकत होते की बघा, चोर सापडला. पण चोर कोण? सगळ्या गावात जी एकटी माझ्या बाजूने उभी राहिली, ती. तिला कसं सांगायचं की बाई गं, मला आजारी तुझाच हात पाडतोय? मी आत गेले. आत्यांनी ताटात गरम भाकरी वाढली. मी म्हणाले, पोटात बरं नाही, आज भात खाते.

मग मी जेवढे उपद्व्याप करता येतील तेवढे केले. मी एक सुवासिक साबण आणून गोठ्यात ठेवला आणि म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी साबण चालतो म्हटलंय. आत्या म्हणाल्या, "त्यांना काय जातं म्हनायला. त्यांच्याकडं गाई हायेत का?" मी उटण्याचा डबा चुकून लवंडल्यासारखा गव्हाणीत लवंडला. दुसऱ्या दिवशी डबा भरलेला. गाय मात्र माझ्यावर खूश. मी म्हणाले, माझी भाकरी मीच करत जाईन, तुम्हाला किती त्रास. आत्या म्हणाल्या, "मला तरास हुतो आसं मी कवा म्हनले?" मी स्वतःच्या हाताने कुकर लावायचे आणि भात-दही खायचे. त्यांची भाकरी मी शाळेत नेऊन बाहेरच्या कुत्र्याला घालत होते. तो कुत्रा त्या दिवसांत अंगाने चांगलाच भरला.

पण आत्यांच्या डोळ्यांतून कधी काय सुटतं? एका दुपारी मी ओट्यापाशी तांदूळ निवडत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"तू माझ्या हातचं का सोडलंस?"

"सोडलं कुठे? पोट बरं नाही म्हणून."

"शेजारची म्हनते, तुझ्या सुनेला तुझा हात नकोसा झाला. मी तिला म्हनले, तसं आसतं तर तिनं माझ्या तोंडावर सांगितलं आसतं." त्यांनी पदर खोचला. "तर मंग सांग तोंडावर."

आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं होतं, आणि ज्या बाईने माझ्या खरेपणावर जबान दिली होती तिच्याशीच. मी ताट खाली ठेवलं. म्हणाले, "आत्या, भुसा गव्हाचा असतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे. तळवे वर, मग खाली, मग पुन्हा वर.

"गव्हाचीच साल की ती," त्या हळू बोलल्या. "पोतं मीच सांगून आनवते. गहू भुसा द्या म्हनते, दर बारीला. आन मला कळलं न्हाई." मग पुन्हा हातांकडे बघत, "म्हंजे तुला मीच चारत हुते."

मी म्हणाले, तुम्हाला काय माहीत. मी म्हणाले, मलाही नाही कळलं, मी तर मास्तरीण. मी म्हणाले, डॉक्टरीणबाईंनाही नाही कळलं. त्यांनी काही ऐकलं असं वाटलं नाही. पदराने हात पुसत, पुन्हा पुन्हा पुसत त्या गोठ्याकडे गेल्या. मला रडायला आलं आणि मी रडले. आजारातही रडले नव्हते.

संध्याकाळी त्या किटली घेऊन डेअरीकडे निघाल्या. चेहरा बघून मला राहवेना, मी मागोमाग गेले. रांगेत बायका होत्या, चुलत जाऊबाई होत्या, दुधाचं फॅट मोजणारा माणूस होता. आत्यांनी किटली खाली ठेवली.

"ऐका गं," त्या म्हणाल्या. "माझी सून चोरून खात न्हवती. तिला गहू मीच खाऊ घालत हुते. ह्या हातानं. भुश्यानं हात घासायचे आन त्याच हातानं तिची भाकर थापायची."

फॅटवाल्याचाही हात थांबला. मागून कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. चुलत जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ द्या आत्या, आता काय करायचं?"

"काय करायचं? तुमी समद्या माझ्या सुनेची माफी मागा," आत्या म्हणाल्या. "तुमचं झालं की मी बी मागते."

जाऊबाईंना त्या क्षणी किटलीचं झाकण फार घट्ट बसलंय असं आढळलं. त्या ते उघडत राहिल्या. माफी कोणी मागितली नाही, पण त्यानंतर जिलबीचं नावही कोणी काढलं नाही. मी रांगेच्या शेवटी उभी होते, आणि माझी मान किती दिवसांनी सरळ झाली ते माझं मला माहीत.

घरात मात्र आत्यांनी माझ्या तव्याला हात लावायचा बंद केला. तवा, परात, घरघंटी सगळं माझ्या स्वाधीन केलं आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायला लागल्या, सोवळ्यात विटाळ नको म्हणून बसावं तशा. गोठ्यातला डबा गेला. साबण आला. पण त्या माझ्या पिठाच्या डब्याजवळूनसुद्धा जाईनात. पुढच्या तपासणीत माझा आकडा धाडकन उतरला, डॉक्टरीणबाई खूश झाल्या, नवऱ्याने गाडीत माझी मनापासून माफी मागितली आणि ती मी सिन्नरपर्यंत पुरवून घेतली. आत्यांना रिपोर्ट दाखवला तर त्या म्हणाल्या, "बघ, माझा हात सुटला आन तू बरी झालीस." आणि उठून गेल्या.

हे मला सोसेना. मी त्यांना समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. मग मी हे माझ्या पद्धतीने हाताळायचं ठरवलं.

मी शेवगावची आहे. आमच्याकडे मुलगी भाकरी थापायला शिकते आणि मग बाकीचं काय ते शिकते. बाजरीची भाकरी मी डोळे मिटून थापीन. पण त्या सकाळपासून मी आत्यांच्या नजरेसमोर जे काही थापायला लागले त्याला भाकरी म्हणायची बाजरीची तयारी नसेल. पीठ मळायचं नाही, नुसतं भिजवायचं. थापताना कडेला चीर पडली की ती वाढवायची. तव्यावर टाकताना मधोमध तुकडा पाडायचा. एक बाजू कच्ची, एक बाजू कोळसा. आणि मग ते ताटात घेऊन, उंबऱ्याबाहेर बसलेल्या आत्यांसमोर बसून, शांतपणे चावायचं. कुर्रकुर्र आवाज येत होता. पहिल्या दिवशी त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडून "आगं पानी" एवढंच निघालं आणि त्यांनी ओठ आवळले. मी पाणी घातलं, मुद्दाम जास्त. पिठाचा चिखल झाला. त्यांच्या हाताची बोटं मांडीवर आपोआप थापल्यासारखी हलत होती. नवरा म्हणाला, "तुला खरंच येत नाही?" मी म्हणाले, "शाळेत शिकवतात का?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी भाकरी तव्यावर उलटली आणि ती तीन ठिकाणी फाटून खाली पडली. मी खाली वाकून ते तुकडे गोळा करायला लागले.

"सर तिकडं," आत्या म्हणाल्या.

त्या उठल्या, मोरीवर गेल्या आणि साबण घेतला. एवढा वेळ घासला की वडी निम्मी झाली असावी. बांगड्या कोपराकडे सारल्या, मनगटं घासली, नखं घासली, भरपूर पाणी ओतलं. मग माझ्यापुढे येऊन दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग नखं. माझी पहिलीतली पोरं सोमवारी करतात तसे.

"तपास," त्या म्हणाल्या. "मास्तरीन हायस ना. नीट बघ."

मी एकेक बोट धरून बघितलं. नखं बघितली. वास घेतला. साबणाचा वास होता आणि त्याखाली थोडा गोठ्याचा. "पास," मी म्हणाले.

"नुसतं पास? पैला नंबर म्हन," म्हणत त्या परातीशी बसल्या. पीठ ओढलं, मधे पाणी घातलं, मळायला लागल्या. भाकरी थापण्याचा तो आवाज कितीतरी दिवसांनी घरात झाला. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. टम्म फुगली.

ती माझ्या ताटात टाकत त्या म्हणाल्या, "शेवगावच्या पोरीला भाकर येत न्हाई, हे मी खरं मानीन व्हय? पैल्या दिशीच वळखलं मी. चोरून खात न्हाईस, पन नाटकं लई करतीस."

मी म्हणाले, "माहीत होतं तर मग उठलात कशाला?"

त्या दुसऱ्या भाकरीचा उंडा हातात घेऊन माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बोलवत हुतीस म्हनून."